बायकांची चाल कोण गातंय

सदर व्यक्तीचे वर्णन पुढीलप्रमाणे: लिंग, स्त्री. वय, एकसष्ट वर्षे पूर्ण. वैवाहिक स्थिती, अविवाहित. धर्म, ख्रिस्ती. उंची, पाच फूट. चपलांसह एक इंच अधिक. केस पांढरे, विंचरलेले. ओळखीची खूण, गळ्याच्या पायथ्याशी आडवा व्रण, लांबी दोन इंच, अलीकडील. व्यवसाय, दूरध्वनी केंद्रातील चालक, सेवानिवृत्त. सेवाकाळातील वर्तणूक समाधानकारक. सदर व्यक्ती निम्नस्वाक्षरीकारासमोर समक्ष उपस्थित राहिली असून ती हयात असल्याची खात्री निम्नस्वाक्षरीकाराने करून घेतली आहे.

त्या वर्षी फोनवर तिला सगळे साहेब म्हणत.

ही माझी आत्या. गावात तिला एक्स्चेंजबाई म्हणत. एक्स्चेंज बंद होऊन तिथे विम्याचं ऑफिस आलं, तरी तिचं नाव काही बदललं नाही. वरचं वर्णन तिच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत मला सापडलं. त्यात एकही शब्द खोटा नाही. तरी ते वाचून तिला ओळखेल असा माणूस गावात मिळाला नसता, कारण गाव तिला ओळखत होतं ते आवाजावरून.

एक्स्चेंजची खोली टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर होती. भिंतीला लागून कपाटाएवढा बोर्ड, त्यात भोकांच्या रांगा, आणि खाली टेबलावर पितळी टोकांच्या दोऱ्या. गावात कोणी फोन उचलला की त्याच्या नंबरावरची बोटाएवढी झडप खट्‌कन पडायची. आत्या दोरी खुपसायची आणि म्हणायची, "नंबर सांगा." दोनच शब्द, पण ते अशा काही स्वच्छ, उंच सुरात यायचे की लोक कधीकधी नंबरच विसरत. काहींना तो मुळात ठाऊकच नसायचा. "डॉक्टर द्या," म्हणायचे. मग आत्या सांगायची, "डॉक्टर घरी नाहीत, आत्ताच केस कापायला गेलेत. सलूनला जोडू का?" धान्य बाजारातल्या एका कारकुनाने एकदा नंबर न सांगता थेट लग्नाचं विचारलं. "लाइन बिझी आहे," आत्या म्हणाली आणि दोरी काढली. त्याने पुढे दोनदा प्रयत्न केला. ती दोन्ही वेळा बिझीच होती.

नंतर यंत्र आलं. लोक स्वतःच्या बोटांनी नंबर फिरवायला लागले आणि चुकीच्या घरी फोन लागण्याची प्रथा सुरू झाली. आत्याला चौकशीच्या खिडकीवर बसवलं आणि तिथूनच ती निवृत्त झाली. तिने या बदलाबद्दल कुरकूर केली नाही. शेवटच्या दिवशी बोर्डावरची धूळ पुसली, हेडफोन खुंटीला अडकवला आणि घरी आली. आम्हाला वाटलं, बदल कसा स्वीकारावा हे हिच्याकडून शिकावं. आमचं चुकलं. बोर्ड सरकारचा होता. सरकारी वस्तू परत करायला फारसा विश्वास लागत नाही.

तिची खरी वस्तू रविवारची होती.

आमच्या चर्चमधल्या कॉयरमध्ये ती तेहतीस वर्षं गात होती. ज्यांना कॉयर माहीत नाही त्यांच्यासाठी: तिथे सगळे एकच गाणं चार वेगवेगळ्या आवाजांत गातात आणि ते भांडण वाटू नये एवढी काळजी घेतात. मूळ चाल असते बायकांच्या उंच आवाजाकडे. बाकीचे तिला खालून आधार देतात, म्हणजे दुसरंच काहीतरी गातात. आत्या उंच आवाजात होती. लाकडी पायऱ्यांवर कॉयर उभा राही, पुढे बायका, मागे पुरुष. ती बायकांच्या मागच्या रांगेत अगदी टोकाला, त्यामुळे तिच्या पाठीला लागूनच पुरुषांची रांग सुरू व्हायची. पुरुषांतल्या या उंच आवाजवाल्यांना टेनर म्हणत. ते चार होते. फार्मसीवाला, जुळे भाऊ (दोघांचं मिळून एक चष्म्याचं दुकान) आणि प्लंबर.

कॉयर चालवायचे मास्तर. ते शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते आणि संगीताकडे त्याच नजरेने पाहत. खिशात लोखंडी काटा असायचा. तो गुडघ्यावर आपटून कानाशी धरत आणि सुराचं उत्तर बरोबर आलं का ते तपासत. "क्षमा पलीकडे, पाळकसाहेबांकडे," ते म्हणत. "इथे ताल."

त्या काळातले रविवार मला आजही जसेच्या तसे आठवतात. बाकांना नुकतं लावलेलं पॉलिश आणि ओल्या छत्र्यांचा वास. गीतांचे नंबर लावायची काळी पाटी, तिच्यावरचा सहाचा आकडा हरवल्यामुळे उलटा लावलेला नऊ. आणि मग ऑर्गनची सुरावट संपून गाणं सुरू होण्याआधीचा तो एक क्षण, ज्यात आत्याचे खांदे किंचित वर जात. ती श्वास घ्यायची. मास्तरांच्या ऑर्गनवरून उचललेल्या हाताकडे बघून नव्हे, मागच्या बायका त्या खांद्यांकडे बघून आणि पुढच्या तो श्वास ऐकून सुरुवात करत. हे मास्तरांना कोणी कधी सांगितलं नाही.

मग गळ्याला गाठ आली. गाठ साधी निघाली. डॉक्टरांनी ती काढली, टाके घातले, सगळं ठीक झालं. शुद्धीवर आल्यावर आत्याने "पाणी" म्हटलं आणि नर्सने मागे वळून पाहिलं, कोण पुरुष आत शिरला म्हणून.

"आवाजाची एक शीर थोडी दुखावलीय," डॉक्टर म्हणाले. "थोडा भारीपणा राहील."

"किती दिवस?"

डॉक्टरांनी हात धुतले होते, ते पुन्हा धुतले. "आता हाच तुमचा आवाज समजा," ते म्हणाले.

भारीपणा हा त्यांचा शब्द सौम्य होता. आवाज चांगला सप्तकभर खाली उतरला होता. खरखर नव्हती, घोगरेपणा नव्हता. नीट, गोल, खालच्या पट्टीतला पुरुषी आवाज, जसा एखाद्या सभ्य बँक मॅनेजरचा असावा. तो आत्याच्या पाच फुटांतून यायचा. तिने शिवणयंत्राच्या दुकानात फोन केला तेव्हा दुकानदार म्हणाला, "साहेब, जरा बाईंना विचारून सांगता का, सुई कोणत्या नंबरची?" आत्या म्हणाली, "थांबा, विचारतो." तिने फोन टेबलावर ठेवला, मनात दहा अंक मोजले, परत उचलला आणि सांगितलं, "सोळा म्हणतेय."

हे तिने मला हसत सांगितलं. हसूसुद्धा खालच्या पट्टीत होतं, ते ऐकून तिने ते मधेच थांबवलं.

पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, भेटायला आले. ते तेव्हा नवीन होते, वयाने माझ्याहून लहान, आणि आजारी माणसाकडे काय बोलायचं ते त्यांनी पाठ केलेलं दिसत होतं. "प्रभू बदल घडवतो तो आपल्या भल्यासाठीच असतो, आत्याबाई."

"गळ्याचं भलं झालं, असं डॉक्टर म्हणाले," आत्या म्हणाली. "माझं कधी होणार?"

पाळकसाहेबांनी कॉफीच्या कपात पाहिलं. "मला माहीत नाही," ते म्हणाले.

हे उत्तर तिला आवडलं. तोवर तिला भेटायला आलेल्या प्रत्येकाला सगळं माहीत होतं. तिने त्यांना बिस्किटं दिली आणि सांगितलं की ती रोज प्रार्थना करते.

"काय मागता?"

"आवाज."

"कोणता?"

"कोणता म्हणजे? माझा."

"मग हा कोणाचा आहे?" पाळकसाहेबांनी विचारलं. ते हे वादासाठी नव्हे, खरंच कुतूहलाने विचारत होते, आणि म्हणूनच आत्याला फार राग आला. तिने त्यांची छत्री आणून त्यांच्या हातात दिली. बाहेर ऊन होतं.

दीड महिन्याने ती कॉयरमध्ये परतली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने गळ्याला रुमाल बांधला होता, आणि कुजबुजत सांगितलं की डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलंय, जो काही आवाज आहे तो गाण्यासाठी राखून ठेवतेय. कुजबुजीला पट्टी नसते. ती बाईची की पुरुषाची हे कोणालाही ओळखता येत नाही. ती आपल्या जागी उभी राहिली, मास्तरांनी हात वर केला, तिचे खांदे वर गेले, बायका गायला लागल्या. आत्याने नुसते ओठ हलवले.

तिने ठरवलं होतं की हे दोन-तीन आठवडे करायचं, तोवर आवाज येईल. देवाला तिने मुदत दिली होती असंच म्हणायला हवं. देवाने ती पाळली नाही, आणि ओठ हलत राहिले. आठ महिने. या आठ महिन्यांत कोणाच्याही काही लक्षात आलं नाही, ही गोष्ट तिला आधी सोयीची वाटली आणि मग लागली. डावीकडे उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेला एका कानाने कमी ऐकू यायचं, ते सोडा. पण पुढच्या रांगेतल्या दोघी तर उपासना संपल्यावर मुद्दाम थांबून म्हणाल्या, "आज किती लागला हो तुमचा आवाज. अंगावर काटा आला." तेहतीस वर्षांच्या सवयीने त्यांना तो ऐकू येत होता.

"म्हणजे मी असले काय, नसले काय," आत्या मला म्हणाली.

"तसं नाही. तुझ्या श्वासावर त्या गातात."

"श्वास काय, गाईम्हशीपण घेतात."

मग एका शुक्रवारी सरावात मास्तरांनी ते जुनं गीत काढलं. त्याचं नाव सांगून उपयोग नाही, तुमच्या घरातही असं एक असेल. माझी आजी, म्हणजे आत्याची आई, कपडे धुताना ते म्हणायची आणि ज्या ओळीला पिळायची ती ओळ लांबवायची. आत्याने ते बोलायला लागण्याआधीपासून ऐकलेलं. दुसऱ्या कडव्याला तिचे ओठ हलता हलता कधी आवाज निघाला ते तिचं तिलाच समजलं नाही. चाल तीच, बायकांची. फक्त सप्तकभर खाली.

मास्तरांनी हात थांबवला. "पुरुषांत बायकांची चाल कोण गातंय?"

आता इथे थोडं समजून घेतलं पाहिजे. टेनरने चाल गाणं हा कॉयरमधला सगळ्यात लाजिरवाणा गुन्हा. त्याचा अर्थ असा की गड्याला स्वतःचं पाठ नाही, म्हणून तो शेजारणीचं गातोय. आवाज तर पुरुषाचा होता, आणि बायकांच्या मागच्या रांगेतून आला काय किंवा तिच्या मागून आला काय, समोर उभ्या माणसाला फरक कळत नाही. फार्मसीवाल्याने जुळ्यांकडे पाहिलं. जुळ्यांनी प्लंबरकडे पाहिलं. प्लंबरने आपल्या बुटांकडे पाहिलं.

"मीच असणार," तो म्हणाला.

प्लंबर चांगला सहा फुटी, रुंद, दारातून आत येताना सवयीने मान झुकवणारा माणूस होता. बायको गेल्यानंतर कॉयरमध्ये आला. गळा म्हणण्यासारखा नव्हता, पण दर शुक्रवारी पाच मिनिटं आधी येऊन खुर्च्या लावायचा आणि सगळ्यांत शेवटी जायचा. घरी त्याची वाट बघणारं कोणी नव्हतं, त्यामुळे त्याला घाई नसे. त्याला आपला दोष सांगितला की तो लगेच मान्य करायचा. असा माणूस सापडला की बाकीच्यांना फार बरं वाटतं.

आत्याने तोंड उघडलं आणि मिटलं. बोलायचं म्हणजे त्याच आवाजात बोलायचं. कुजबुजत "मी होते" म्हटलं तर कोणी विश्वास ठेवला नसता आणि मोठ्याने म्हटलं तर सगळ्यांनी ठेवला असता.

पुढच्या शुक्रवारी ती सावध होती, तरी तिसऱ्या कडव्याला पुन्हा तेच झालं. गळा ऐकेना. मास्तरांनी प्लंबरला एकट्याला गायला लावलं. तो घामाघूम होऊन गायला लागला, पहिल्या दोन ओळी टेनरच्याच, चुकीच्या पण टेनरच्या, आणि तिसऱ्या ओळीला साफ बायकांच्या चालीत गेला. आपण हेच करतो असं आठवडाभर ऐकून त्याने ते करायला सुरुवात केली होती.

"सिद्ध झालं," मास्तर म्हणाले, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

त्यानंतरच्या बुधवारी प्लंबर आत्याकडे आला. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तिनेच बोलावलं होतं. मी तिथे वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. ओट्याखाली त्याचं अर्धं अंग गेलेलं, बाहेर नुसते पाय आणि आवाज.

"ताई, मी सोडतोय कॉयर," पाय म्हणाले.

आत्याने पाना त्याच्या हातात दिला.

"मास्तरांचं बरोबर आहे. मला माझा आवाज ऐकूच येत नाही. मी फार्मसीवाल्याच्या तोंडाकडे बघून गातो, आणि त्याला मिशा आहेत. चर्चच्या वर्षदिनाची उपासना जवळ आलीय. त्या दिवशी माझ्यामुळे सगळ्यांचं बिघडलं तर? त्यापेक्षा घरी म्हणेन. देवाला काय, ओट्याखालीसुद्धा ऐकू जातं."

"शुक्रवारी मग काय करणार?" आत्याने कुजबुजत विचारलं.

ओट्याखाली पाना फिरल्याचा आवाज आला. "शुक्रवारचं बघू," तो म्हणाला. बाहेर येऊन त्याने नळ उघडला, बंद केला, परत उघडला. थेंब थांबला होता. "वॉशर गेला होता. नळ चांगला आहे. लोक नळ बदलतात उगाच."

तो गेल्यावर मी आत्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"बोलायचं होतंस," मी म्हणालो.

"गप्प बस."

"तो तुझ्या जागी शिक्षा भोगतोय."

"कळतं मला. रविवारच्या वर्गात लहान मुलांना ख्रिस्ताबद्दल हेच शिकवत होते मी बारा वर्षं." तिने ओट्यावरचं पाणी पुसलं. जिथे पाणी नव्हतं तिथेही पुसलं. "तुला काय वाटतं, मला सांगायची लाज वाटते? लाज नाही वाटत. एकदा सांगितलं ना, की मग झालं. मग तो आवाज गेला तो गेलाच. आत्ता निदान त्या दोघींना तरी ऐकू येतोय."

त्या शुक्रवारी प्लंबर आला नाही. खुर्च्या कोणी लावल्या नव्हत्या. सगळे थोडा वेळ उभे राहिले, कारण त्या कुठून येतात हे कोणाला माहीत नव्हतं. सरावभर आत्याने जबडा असा घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी दाढ दुखली. तिच्याकडून एक अक्षरही निसटलं नाही. शेवटी मास्तरांनी काटा खिशात टाकला आणि समाधानाने म्हणाले, "बघा. एक माणूस गेला आणि किती साफ झालं."

आत्याने हे मला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा वर्णनाच्या रकान्यात बसणारा नव्हता. तिचं सरावातलं ते गप्प राहणंच प्लंबरविरुद्धचा शेवटचा पुरावा ठरलं होतं.

रविवारी मी नेहमीप्रमाणे मागच्या बाकावर होतो. उपासनेच्या सुरुवातीला पापांच्या कबुलीची प्रार्थना असते; सगळी मंडळी उभी राहून, मोठ्याने, एका आवाजात म्हणते. माणसं ती पाढ्यासारखी म्हणतात, पुढच्या शब्दाला अडखळत नाहीत, मनात मात्र दुपारच्या जेवणाचं चाललेलं असतं. मीही तेच करत होतो. मग समोरून, कॉयरच्या पायऱ्यांवरून, एक खालचा, गोल आवाज सगळ्यांच्या अर्धा शब्द मागून यायला लागला. जणू प्रत्येक शब्द उचलून, त्याचं वजन बघून खाली ठेवत होता.

ती नंतर म्हणाली, "ओठ हलवत होते रे मी. कबुलीलासुद्धा. आठ महिने. गाण्याचं एक वेळ सोड, पण तिथेसुद्धा मी देवाला नुसते ओठ दाखवत होते. माझं मलाच एकदम दिसलं ते. म्हटलं, याला काय अर्थ आहे. ज्याला फसवायचं त्यानेच तर हा आवाज दिलाय."

पुढच्या रांगेतल्या दोघींनी मागे वळून पाहिलं. त्यांना तिथे कोणी पुरुष दिसला नाही. आत्याने गळ्याचा रुमाल सोडला आणि खिशात ठेवला. मग पहिलं गीत आलं, तिचे खांदे वर गेले, बायका सुरू झाल्या, आणि तिने गायला सुरुवात केली. लपवून नाही. पूर्ण आवाजात, बायकांची चाल, सप्तकभर खाली, पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत.

मास्तर ऑर्गनवर होते. त्यांनी मान वळवून टेनरांकडे पाहिलं. तिथे तीन माणसं होती आणि तिघं इतक्या भीतीने आपापलं गात होते की त्यांच्यावर संशय घेणं शक्य नव्हतं. मग त्यांची नजर एक पायरी खाली आली. त्यांचे हात वाजवत राहिले. गणिताच्या माणसाचे हात होते, ते थांबले नाहीत. फक्त एका कडव्याला पाय पेडलवर ठेवायचे राहिले.

उपासनेनंतर कॉयरचे झगे टांगायच्या खोलीत सगळे होते. मास्तरांनी विचारलं, "हे कधीपासून, बाई?"

"ऑपरेशनपासून." खोलीत असं झालं की कोणीतरी दुसऱ्याच माणसाने उत्तर दिलं.

"आणि शुक्रवारचं ते..."

"मीच. दोन्ही शुक्रवारी. तिसऱ्या शुक्रवारी मी तोंड मिटून होते."

"मी त्यांना सगळ्यांसमोर एकट्याला गायला लावलं," मास्तर म्हणाले. ते स्टुलावर बसले. "वहीत लिहिलंसुद्धा."

एका कानाने कमी ऐकणारी शिक्षिका म्हणाली, "आज मात्र तुमचा आवाज मला नीट ऐकू आला." पुढच्या दोघींपैकी एक रडायला लागली. आत्याने तिला रुमाल दिला, तोच, गळ्याचा. रडण्याचं खरं कारण तिला बहुधा सांगता आलं नसतं. ते मला सांगता येतं, कारण मलाही तेच झालं होतं. तो उंच स्वच्छ आवाज आम्ही त्या दिवशी गमावला. आत्याने तो ऑपरेशनच्या दिवशीच गमावला होता, आणि तेव्हा तिच्या सोबतीला कोणी नव्हतं.

मास्तर आणि आत्या तडक प्लंबरकडे गेले. मी मागोमाग, कारण मास्तरांना रस्ता ओलांडताना दिसत नसे. त्याचं दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली, लांबीप्रमाणे लावलेल्या पाइपांच्या तुकड्यांनी भरलेली. तो एकटा जेवत होता. ताट झाकून उठला. खुर्च्या दोनच होत्या, तो एका बादलीवर बसला.

"तो आवाज माझा होता," आत्या म्हणाली.

प्लंबरने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या गळ्याकडे. त्याला हसू आलं नाही, दयाही आली नाही. काहीतरी पाइपात अडकलेलं आपसूक निघावं तसा चेहरा झाला. "म्हणजे मी बरोबर गात होतो?"

मास्तर खोटं बोलू शकत नसत. हा त्यांचा मोठाच दोष होता. "नाही," ते म्हणाले. "तुम्ही चुकतच होता. पण तुमचं तुम्ही चुकत होता. मी तुमच्यावर दुसऱ्याची चूक टाकली. मला माफ करा."

प्लंबर आत्याकडे वळला. "ताई, ओट्याखाली होतो तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"धीर झाला नाही."

"एवढा चांगला आवाज आहे," तो म्हणाला. "धीर कसला लागतो त्याला."

परत येताना तिच्या घरापाशी आल्यावर आत्या फाटकाला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "मी मागताना चुकत होते. मी म्हणत होते, माझा दे. त्याने दिलेला होताच. मी घ्यायला तयार नव्हते." मग म्हणाली, "तरी पहिला चांगला होता. हे मी त्यालाही सांगणार आहे." मला वाटतं हीच तिची सगळ्यांत प्रामाणिक प्रार्थना असावी, आणि ती फाटकातच झाली.

शुक्रवारी प्लंबर पाच मिनिटं आधी आला आणि खुर्च्या लावल्या. आत्या आता बायकांच्या रांगेत नव्हती, त्यामुळे त्यांना कशाकडे बघून सुरुवात करायची ते कळेना. पहिले दोन आठवडे प्रत्येक गीत थोडं विस्कटून सुरू झालं आणि मास्तरांना पहिल्यांदा समजलं की इतकी वर्षं त्यांच्या हाताकडे कोणी बघतच नव्हतं. त्यांनी ते शांतपणे वहीत लिहिलं. आत्याला त्यांनी त्या पहिल्याच शुक्रवारी विचारलं होतं, कुठे उभं राहायचं. ती म्हणाली, तुम्ही सांगा. त्यांनी काटा गुडघ्यावर आपटला, तिला सूर द्यायला लावला, ऐकला, पुन्हा ऐकला, आणि टेनरांच्या वरच्या पायरीकडे बोट दाखवलं.

टेनरचं पाठ नव्याने करायला तिला चार महिने लागले. तेहतीस वर्षं चाल गायलेल्या माणसाला आधार द्यायचं गाणं अवघड जातं. ती रोज स्वयंपाकघरात म्हणायची आणि दर तिसऱ्या ओळीला बायकांकडे घसरायची. प्लंबर शेजारी उभा राहून तिच्या तोंडाकडे बघून गायचा, कारण तिला मिशा नव्हत्या, त्यामुळे ती घसरली की तोही घसरायचा. मास्तर दोघांनाही ओरडत.

टेनरांचे झगे पुरुषांच्या मापाचे होते. तिने आपला खालून वीतभर कापला आणि टीप घातली.